फॉस्फटेजचे रोधक तपासताना : पहिल्या प्लेटपासून विश्वासार्ह आकड्यापर्यंत

पेशीतील प्रथिनांवर फॉस्फेटचा गट चढवण्याचे काम किनेज नावाची विकरे करतात आणि तो उतरवण्याचे काम फॉस्फटेज करतात. या चढउताराचा नियमनाशी असलेला संबंध उलगडल्याबद्दल एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. किनेजांना रोखणारी औषधे २००१ मध्ये इमॅटिनिबला मान्यता मिळाल्यापासून कर्करोगाच्या उपचारात चांगलीच रुळली आहेत. फॉस्फटेजांना रोखणारे छोटे रेणू मात्र शोधनिबंधांत ढिगाने सापडतात आणि पुढच्या तपासणीत एकामागून एक गळतात. याचे एक कारण असे की, फॉस्फटेजांची क्रियास्थाने, म्हणजे विकराच्या ज्या जागी क्रिया घडते त्या जागा, एकमेकांसारखी व धनभारित असतात, त्यामुळे तिथे नीट बसणारा रेणू बहुधा ऋणभारित असतो आणि पेशीच्या पटलातून आत शिरू शकत नाही. दुसरे कारण चाचणीतच दडलेले आहे. फॉस्फटेजची नेहमीची चाचणी इतकी सोपी आहे की कोणीही ती पहिल्याच दिवशी करू शकतो, आणि तितकीच भोळी आहे की जवळपास कोणताही गढूळ, रंगीत किंवा अशुद्ध नमुना तिला फसवू शकतो. एमएस्सीचा प्रकल्प किंवा पीएचडीचे पहिले वर्ष सुरू करणाऱ्या विद्यार्थ्याने ही चाचणी कशी उभारावी आणि मिळालेल्या आकड्यावर केव्हा विश्वास ठेवावा, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

पहिली पायरी : विकर कोणते, हे आधी ठरवा

फॉस्फटेज हे एका विकराचे नाव नसून मोठ्या गोतावळ्याचे आहे. सुरुवातीला दोन विकरे डोळ्यांसमोर ठेवली तर पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात. पहिले अल्कलाइन फॉस्फटेज. ते स्वस्त आणि टिकाऊ आहे, आणि त्याच्या क्रियास्थानात दोन झिंक व एक मॅग्नेशियम असे धातूचे आयन असतात. दुसरे पीटीपी-१बी. हे टायरोसिनवरचा फॉस्फेट उतरवते, त्याला धातू लागत नाही, आणि त्याचे सारे काम २१५ क्रमांकाच्या सिस्टिनवर चालते. इन्सुलिनचा ग्राहक जो संदेश देतो तो पीटीपी-१बी थांबवते. ज्या उंदरांतून या विकराचे जनुक काढून टाकले होते ते इन्सुलिनला अधिक प्रतिसाद देतात आणि चरबीयुक्त आहारावरही फारसे लठ्ठ होत नाहीत, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हापासून मधुमेहाच्या औषधासाठी या विकराचा पाठलाग चालू आहे.

हात बसवण्यासाठी अल्कलाइन फॉस्फटेज घ्यावे आणि खरे काम पीटीपी-१बीवर करावे, असा माझा सल्ला आहे. मात्र अल्कलाइन फॉस्फटेज मागवताना ते कोणत्या ऊतीतले आहे ते नीट वाचा. बाजारात सर्वांत सहज मिळते ते वासराच्या आतड्यातले. पुस्तकात ‘लेव्हॅमिसोल हा अल्कलाइन फॉस्फटेजचा रोधक आहे’ असे वाचून अनेक जण तो या विकरावर घालतात आणि काहीच घडत नाही म्हणून गोंधळतात. लेव्हॅमिसोल यकृत, हाड व मूत्रपिंडातल्या प्रकाराला रोखतो. आतड्यातल्या प्रकारावर त्याचा परिणाम नगण्य असतो. आतड्यातल्या प्रकारासाठी एल-फिनाइलअ‍ॅलनिन वापरावे, आणि तेही मिलिमोलर पातळीवर.

पीटीपी-१बी घेताना त्याचा कोणता तुकडा आहे ते विचारा. पूर्ण प्रथिन ४३५ अमिनो आम्लांचे असते, पण विकत मिळणारे बहुतेक नमुने पहिल्या २९८ किंवा ३२१ अमिनो आम्लांपुरतेच असतात. क्रियास्थानात बसणाऱ्या रेणूंसाठी हे पुरेसे आहे. क्रियास्थानापासून दूर बसून विकराची हालचाल रोखणारे रेणू शोधायचे असतील तर मात्र २९८ च्याही बराच आधी कापलेला तुकडा अपुरा पडतो, कारण त्या रेणूंना ज्या शेवटच्या सर्पिलाचा आधार लागतो तोच त्यात कापलेला असतो. ट्रोड्युस्क्वेमिन हा रेणू तर त्याच्याही पुढच्या शेपटीसारख्या भागावर मुख्यतः काम करतो. निवडलेल्या तुकड्यात जी जागाच नाही तिथे बसणारा रोधक त्या चाचणीत कधीही दिसणार नाही.

दुसरी पायरी : रंगाची चाचणी उभारणे

सबस्ट्रेट (विकर ज्यावर काम करते तो रेणू) म्हणून पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट, म्हणजे सगळे ज्याला पीएनपीपी म्हणतात ते, वापरतात. ते स्वतः रंगहीन असते. फॉस्फटेजने त्याचा फॉस्फेट तोडला की पॅरा-नायट्रोफिनॉल सुटते आणि ते अल्कधर्मी द्रावणात पिवळे दिसते. हा पिवळा रंग ४०५ नॅनोमीटरला मोजतात आणि त्याचा मोलर शोषण गुणांक १८,००० च्या आसपास धरतात.

पॅरा-नायट्रोफिनॉलचा पीकेए ७.१५ आहे, म्हणजे त्या पीएचला त्याचे निम्मे रेणू पिवळ्या रूपात असतात. पीएच ९.८ च्या डायइथेनॉलअमाइन बफरमध्ये अल्कलाइन फॉस्फटेज चालवले तर सुटलेला सगळा रेणू पिवळ्या रूपात असतो, त्यामुळे प्लेट रीडरमध्ये ठेवून दर अर्ध्या मिनिटाला रीडिंग घेता येते आणि क्रिया सरळ रेषेत चालली आहे की नाही ते डोळ्यांदेखत समजते. पीटीपी-१बी पीएनपीपीवर पीएच ६ च्या आसपास उत्तम चालते, आणि त्या पीएचला सुटलेल्या रेणूंपैकी सुमारे ७ टक्केच पिवळे असतात. म्हणून ठरावीक वेळेने सोडियम हायड्रॉक्साइड घालून क्रिया थांबवावी लागते आणि मग रंग मोजावा लागतो. काही जण पीएच ७ ला सतत रीडिंग घेण्याचा मधला मार्ग काढतात. तो चालतो, पण तिथे पीएच थोडाही घसरला तरी रंग फिका पडतो, आणि तुमचा रेणू कार्बॉक्सिलिक आम्ल असेल व त्याचे प्रमाण जास्त असेल तर हे सहज घडते. अशा वेळी बफरची तीव्रता ५० मिलिमोलरच्या खाली ठेवू नये.

पीटीपी-१बीसाठी सुरुवातीचे मिश्रण असे ठेवता येईल : ५० मिलिमोलर बिस-ट्रिस, पीएच ६.०, १०० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, १ मिलिमोलर ईडीटीए, १ मिलिमोलर डीटीटी, आणि ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० (साबणासारखा पदार्थ). यातला प्रत्येक घटक एका कारणासाठी आहे. डीटीटी क्रियास्थानातल्या सिस्टिनचे ऑक्सिडीकरण होऊ देत नाही, आणि ते चाचणीच्या दिवशी ताजे घालायचे असते. ट्रायटनचे काम पुढे येईलच. ईडीटीए पाण्यातले व नमुन्यातले अंशमात्र झिंक पकडून ठेवते, आणि हे महत्त्वाचे आहे, कारण झिंक नॅनोमोलर पातळीवरही पीटीपी-१बीला रोखते. हेच ईडीटीए अल्कलाइन फॉस्फटेजच्या बफरमध्ये गेले तर मात्र त्या विकराचेच झिंक ओढून घेते आणि विकर मरते. दोन्ही विकरांच्या बफरच्या बाटल्या शेजारी ठेवू नका आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहा. दोन्हीकडे फॉस्फेट बफर वर्ज्य आहे, कारण फॉस्फेट हे या क्रियेचे उत्पादन असून ते स्वतःच विकराला अडवते.

९६ खाचांच्या प्लेटमध्ये एकूण १५० मायक्रोलिटर क्रियामिश्रण आणि थांबवण्यासाठी ५० मायक्रोलिटर १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड हे प्रमाण सोयीचे पडते. विकर आणि तपासायचा रेणू आधी एकत्र करून दहा-पंधरा मिनिटे ठेवा, आणि मग पीएनपीपी घालून घड्याळ सुरू करा. प्रत्येक खाचेत सबस्ट्रेट ज्या क्रमाने आणि ज्या अंतराने घातला त्याच क्रमाने व अंतराने हायड्रॉक्साइडही घालावे. अनेकमुखी पिपेट असेल तर हे सहज साधते. हायड्रॉक्साइड डोळ्यात उडाले तर इजा गंभीर होते, त्यामुळे चष्मा घातल्याखेरीज ही पायरी करू नका.

तिसरी पायरी : रोधकाला हात लावण्यापूर्वी विकर ओळखून घ्या

नवख्यांकडून सर्वाधिक टाळली जाणारी पायरी हीच, आणि पुढची बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात. विकराचे प्रमाण आणि वेळ अशी निवडा की क्रिया सरळ रेषेत चालेल आणि सबस्ट्रेटचा जेमतेम ५ ते १० टक्के भाग वापरला जाईल. एक हिशेब करून पाहू. सबस्ट्रेट २ मिलिमोलर असेल तर त्याचा ५ टक्के भाग म्हणजे १०० मायक्रोमोलर उत्पादन. प्लेटच्या खाचेत प्रकाशाची वाट अर्धा सेंटिमीटर धरली तर शोषण १८,००० गुणिले ०.०००१ गुणिले ०.५, म्हणजे ०.९ येते. थांबवण्यासाठी घातलेल्या द्रावणामुळे ते तीन-चतुर्थांश होऊन ०.७ च्या जवळ जाईल. हा आकडा मोजायला अगदी योग्य आहे. तुमच्या प्लेटवर २.५ किंवा ३ असे आकडे दिसत असतील तर सबस्ट्रेट १० टक्क्यांपेक्षा बराच जास्त वापरला गेला आहे, आणि अशा प्लेटवर मध्यम ताकदीचा रोधक असतो त्यापेक्षा कमजोर दिसतो, कारण सबस्ट्रेट घटत गेला की न रोखलेल्या विकराचा वेगही मंदावतो.

विकराचे प्रमाण ठरवण्यासाठी दोनपट विरळ करत जाणाऱ्या सात-आठ पातळ्या घ्या आणि प्रत्येकीचे पाच, दहा, पंधरा व वीस मिनिटांचे रीडिंग काढा. पीटीपी-१बीसाठी उपयोगी पातळी बहुधा १० ते ५० नॅनोमोलरच्या दरम्यान पडते, पण नळीनळीत फरक असतो, म्हणून नवी नळी उघडली की हा प्रयोग पुन्हा करावा. त्यानंतर सबस्ट्रेट ०.१ ते १० मिलिमोलर या पट्ट्यात आठ पातळ्यांवर घेऊन मायकेलिस स्थिरांक, म्हणजे केएम (सबस्ट्रेटच्या ज्या पातळीला वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो ती), काढावा. आलेखाचे आकडे थेट वक्ररेषेच्या समीकरणात बसवावेत. व्यस्तांकांची सरळ रेषा पाठ्यपुस्तकात छान दिसते, परंतु ती सर्वांत कमी सबस्ट्रेटच्या, म्हणजे सर्वांत अनिश्चित रीडिंगना सर्वाधिक महत्त्व देते. ती चित्र पाहण्यापुरतीच ठेवावी.

केएम कळल्यावर रोधकांची चाचणी सबस्ट्रेट केएमच्या जवळ ठेवून करावी. सबस्ट्रेट खूप जास्त ठेवला तर क्रियास्थानासाठी स्पर्धा करणारे रोधक लपतात. खूप कमी ठेवला तर विकर व सबस्ट्रेट जुळल्यानंतरच चिकटणारे रोधक लपतात, आणि लेव्हॅमिसोल व फिनाइलअ‍ॅलनिन हे दोघेही याच दुसऱ्या जातीचे आहेत. केएमच्या आसपास दोघांनाही दिसण्याची संधी मिळते.

चौथी पायरी : प्लेटची मांडणी आणि कंट्रोल

तपासायचे रेणू डीएमएसओ या द्रावकात १० मिलिमोलर द्रावण करून ठेवतात. डीएमएसओ हवेतले पाणी शोषते आणि वारंवार गोठवले-वितळवले तर काही रेणू साका होऊन खाली बसतात, म्हणून छोट्या छोट्या नळ्यांत भाग करून ठेवा. चाचणीत डीएमएसओ १ टक्क्यावर जाऊ देऊ नये, आणि रेणू असो वा नसो, प्रत्येक खाचेत ते अगदी सारखे असावे.

प्रत्येक प्लेटवर चार गोष्टी हव्यात : विकर असलेल्या पण रोधक नसलेल्या खाचा, विकर नसलेल्या खाचा, परिचित रोधकाच्या खाचा, आणि तपासायच्या प्रत्येक रेणूच्या सर्वोच्च पातळीची विकराविना एक खाच. शेवटची खाच सर्वाधिक वेळा गाळली जाते. रेणू स्वतः पिवळा असेल, किंवा हायड्रॉक्साइड घातल्यावर रंग बदलत असेल, तर ते याच खाचेत दिसते.

परिचित रोधक म्हणून पीटीपी-१बीसाठी बहुतेक ठिकाणी सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट वापरतात. व्हॅनेडेट हा फॉस्फेटचाच आकार घेऊन क्रियास्थानात बसतो आणि निघूनही जाऊ शकतो. त्याचे द्रावण नुसते पाण्यात विरघळवून चालत नाही. पीएच १० ला आणून, रंगहीन होईपर्यंत उकळून, गार करून पुन्हा पीएच १० करायचे, आणि पिवळट-नारिंगी छटा परत येईनाशी झाली की मग वापरायचे. ती छटा दहा व्हॅनेडियम अणूंच्या एकत्रित आयनाची असते. इथे वरच्या बफरशी गाठ पडते : ईडीटीए व्हॅनेडेटला धरून ठेवते आणि त्याचे रोधन उलटवते. त्यामुळे ईडीटीए असलेल्या बफरमध्ये व्हॅनेडेटचा प्रभाव कमी दिसला तर विकरावर किंवा व्हॅनेडेटच्या बाटलीवर संशय घेऊ नका. या कंट्रोलसाठी ईडीटीएविना बफरची वेगळी ओळ ठेवा. डीटीटीसुद्धा व्हॅनेडेटचे हळूहळू क्षपण करते, म्हणून व्हॅनेडेट अगदी शेवटी मिसळावा.

चाचणीचा दर्जा मोजण्यासाठी १९९९ मध्ये मांडलेला झेड-प्राइम हा गुणक वापरतात. रोधकाविना सरासरी शोषण ०.९० व प्रमाण विचलन ०.०३ असेल, विकराविना सरासरी ०.०६ व विचलन ०.०१ असेल, तर दोन्ही विचलनांच्या बेरजेची तिप्पट ०.१२ येते, सरासरींमधला फरक ०.८४ आहे, आणि १ मधून त्यांचे गुणोत्तर वजा केले की ०.८६ उरते. हा गुणक ०.५ च्या वर असेल तर प्लेट स्वीकारावी. खाली असेल तर पुढचे आकडे काढत बसण्याऐवजी पिपेटिंग, तापमान आणि प्लेटच्या कडेच्या खाचांतले बाष्पीभवन तपासावे.

पाचवी पायरी : आयसी-५० काढणे

प्राथमिक चाचणीत जे रेणू रोधक वाटतात त्यांच्या आठ ते दहा पातळ्या, प्रत्येक वेळी तिप्पट विरळ करत, घ्याव्यात. निम्मे विकर थांबवणारी पातळी म्हणजे आयसी-५०. वक्ररेषेच्या दोन्ही टोकांना सपाट भाग दिसला पाहिजे. वरचे किंवा खालचे टोक सुटले असेल तर संगणक आकडा देईल, पण त्याला अर्थ नसेल.

आयसी-५० सबस्ट्रेटच्या पातळीवर अवलंबून असतो, त्यामुळे दोन प्रयोगशाळांचे आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत. स्पर्धा करणाऱ्या रोधकासाठी १९७३ पासून वापरात असलेले चेंग-प्रुसॉफ समीकरण लावून केआय, म्हणजे रोधक विकराला किती घट्ट चिकटतो ते सांगणारा स्थिरांक, काढतात : आयसी-५० ला, १ अधिक सबस्ट्रेट भागिले केएम, याने भागायचे. सबस्ट्रेट केएमइतकाच असेल तर केआय आयसी-५० च्या निम्मा. पण रोधक स्पर्धा करणारा आहे हे आधी सिद्ध करावे लागते, म्हणजे तीन-चार सबस्ट्रेट पातळ्यांवर आयसी-५० काढून तो सबस्ट्रेटबरोबर वाढतो का ते पाहावे लागते. हे न करता समीकरण लावलेले निबंध पुष्कळ आहेत. त्यांचे अनुकरण करू नये. आणखी एक मर्यादा लक्षात असू द्या : विकर २० नॅनोमोलर असेल तर आयसी-५० १० नॅनोमोलरच्या खाली जाऊच शकत नाही, कारण निम्मे विकर अडवायला तितके रेणू लागतातच.

सहावी पायरी : खोटे रोधक ओळखणे

या टप्प्यावर हाती आलेल्या यादीतले बरेचसे रेणू खोटे असतात. विकर मंदावलेले खरेच दिसते, पण ते रेणू नेमक्या जागी बसल्यामुळे मंदावलेले नसते. माझ्या मते प्रकल्पाचा सर्वाधिक वेळ इथे खर्च झाला पाहिजे.

आपल्याकडे मधुमेहासाठी वनस्पतींचे अर्क पीटीपी-१बीवर तपासण्याचे प्रकल्प वारंवार दिले जातात, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करतो. हळदीतले कर्क्युमिन घ्या. ते स्वतः पिवळे असून ४२५ नॅनोमीटरच्या आसपास जोरात प्रकाश शोषते, म्हणजे चाचणीच्या तरंगलांबीला अगदी खेटून, आणि सोडियम हायड्रॉक्साइड घातले की ते तांबडे होते. शिवाय पाण्यात ते अस्थिर असते, प्रथिनांशी रासायनिक बंध जोडू शकते आणि त्याचे पुंजके होतात. वेगवेगळ्या चाचण्यांत फसवे यश दाखवणाऱ्या रेणूंचे ते ठळक उदाहरण असल्याची सविस्तर मांडणी २०१७ मध्ये औषधरसायनशास्त्राच्या नियतकालिकात झाली आहे. हिरड्यासारख्या टॅनिनयुक्त अर्काची अडचण निराळी : टॅनिन जवळपास कोणत्याही प्रथिनाला चिकटून त्याचा साका करते, त्यात पीटीपी-१बीही आले. आणि जवळपास कोणत्याही वनस्पतीच्या जलीय अर्कात अकार्बनी फॉस्फेट असतेच, जे एकटेच फॉस्फटेज मंदावण्यास पुरेसे ठरू शकते. अर्क तपासायचाच असेल तर आधी त्यातले फॉस्फेट मोजा, तेवढेच फॉस्फेट शुद्ध बफरमध्ये घालून वेगळा कंट्रोल चालवा, आणि पॉलिअमाइड किंवा पीव्हीपीपीवरून टॅनिन काढून टाकलेला अर्क व मूळ अर्क यांची तुलना करा. ज्या अर्काची ताकद टॅनिनबरोबर निघून जाते त्याच्यावर पुढे श्रम घालू नयेत.

शुद्ध रेणूंमध्ये सर्वांत फसवे ते हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करणारे. क्विनोनसारखे रेणू डीटीटीकडून इलेक्ट्रॉन घेतात, ते हवेतल्या ऑक्सिजनला देतात, आणि हे चक्र फिरत राहून पेरॉक्साइड साचते. पीटीपी-१बीचे क्रियास्थानातले सिस्टिन त्या पीएचला थायोलेट रूपात असते, म्हणून पेरॉक्साइड सर्वांत आधी त्याच्यावरच घाला घालते. कागदावर मात्र सुंदर वक्ररेषा आणि मायक्रोमोलरखालचा आयसी-५० उमटतो. तपासणी सोपी आहे : त्याच प्लेटवर एक ओळ पेरॉक्साइड मोडणारे कॅटलेज हे विकर घालून चालवा, प्रति मिलिलिटर १०० युनिटच्या आसपास. रोधन नाहीसे झाले किंवा बरेच घटले तर कारण पेरॉक्साइड. दुसरी ओळ डीटीटीऐवजी ग्लुटाथायोन घालून चालवा; हे चक्र ग्लुटाथायोनवर सहसा मंद फिरते. सिस्टिनवर चालणाऱ्या फॉस्फटेजांवर काम करणाऱ्याने कॅटलेजची चाचणी केल्याशिवाय कोणत्याही रेणूला रोधक म्हणू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

पुंजके करणाऱ्या रेणूंची ओळख वेगळी असते. मायक्रोमोलर पातळीवर काही रेणू पाण्यात सूक्ष्म गोळ्यांसारखे एकत्र येतात आणि विकर त्या गोळ्यांच्या पृष्ठभागावर अडकते. ट्रायटन एक्स-१०० घालण्याचे कारण हेच : ०.०१ टक्का ट्रायटनने बहुतेक पुंजके फुटतात. ट्रायटन असताना व नसताना आयसी-५० काढून पाहा. त्यात दहा पटींचा फरक पडला तर रेणू संशयास्पद आहे. विकराचे प्रमाण दहापट वाढवल्यावर रोधन कोसळले, किंवा वक्ररेषा नेहमीपेक्षा फारच उभी असली, तरी रोख तिकडेच जातो. शेवटची शंका फेडण्यासाठी पूर्णपणे असंबंधित विकरावर, उदाहरणार्थ कायमोट्रिप्सिनवर, तोच रेणू घाला. तिथेही रोधन दिसले तर यादीतून नाव काढा.

अल्कलाइन फॉस्फटेजवर काम करत असाल तर धातू ओढून घेणारे रेणू हा मुख्य धोका. झिंक व मॅग्नेशियम थोडे जास्त घातल्यावर विकर पुन्हा चालू झाले तर रेणू क्रियास्थानात बसलेला नसून त्याने फक्त धातू पळवला आहे. याच्या उलट, पीटीपी-१बीच्या बाबतीत संश्लेषणातून राहिलेले अंशमात्र झिंक खरा रोधक असू शकते, आणि ईडीटीए असलेल्या व नसलेल्या बफरमधली तुलना ते उघडे पाडते.

सातवी पायरी : दुसऱ्या पद्धतीने पडताळणी

वरच्या चाळण्यांतून जे रेणू उरतील त्यांना रंग न वापरणारी किंवा वेगळ्या तरंगलांबीची चाचणी लावावी. मॅलॅकाइट ग्रीनची पद्धत सुटलेला फॉस्फेट थेट मोजते, हिरवा रंग ६२० ते ६५० नॅनोमीटरला वाचते, आणि तिचा मोठा फायदा हा की इन्सुलिन ग्राहकातून घेतलेला फॉस्फोटायरोसिनयुक्त पेप्टाइड सबस्ट्रेट म्हणून वापरता येतो, जो पीएनपीपीपेक्षा विकराच्या खऱ्या कामाच्या कितीतरी जवळचा आहे. काचसामान मात्र फॉस्फेटयुक्त साबणाने धुतलेले नसावे. आम्लाने धुऊन शुद्ध पाण्याने विसळून घ्यावे, किंवा नवे प्लॅस्टिक वापरावे.

रोधन उलटते का, हेही पाहावे. विकर नेहमीच्या शंभरपट प्रमाणात घेऊन रोधक आयसी-५० च्या दहापट घाला, अर्धा तास ठेवा, आणि मग सबस्ट्रेट असलेल्या बफरमध्ये शंभरपट विरळ करा. आता रोधक आयसी-५० च्या दहाव्या हिश्शावर आला आहे, त्यामुळे सुटा होणारा रोधक असेल तर सुमारे ९० टक्के क्रिया परतली पाहिजे. ती परतली नाही तर रेणू फार हळू सुटतो, बंध जोडतो किंवा विकराचे ऑक्सिडीकरण करतो, आणि यांतले कोणते ते वस्तुमान वर्णपटाने ठरवावे लागते.

निवडकपणाची कसोटी पीटीपी-१बीसाठी फार कडक आहे. टी-पेशींतले टीसीपीटीपी हे त्याचे सर्वांत जवळचे भावंड. उत्प्रेरक भागातली जवळपास तीन-चतुर्थांश अमिनो आम्ले दोघांत सारखी आहेत. टीसीपीटीपी नसलेले उंदीर जन्मानंतर काही आठवड्यांतच मरतात, त्यामुळे या दोघांत भेद न करणारा रेणू औषधाच्या दिशेने नेणे धोक्याचे आहे. टीसीपीटीपी, एसएचपी-२ हे आणखी एक टायरोसिन फॉस्फटेज आणि एखादे सेरिन-थ्रिओनिन फॉस्फटेज एवढा संच तरी लावावा. ओकाडाइक आम्लासारखे प्रबळ विष पीपी-२ए या सेरिन-थ्रिओनिन फॉस्फटेजला नॅनोमोलर किंवा त्याहूनही कमी पातळीवर रोखते आणि त्याच्या भावंडाला, पीपी-१ ला, त्याच्या कैकपट पातळी लागते. एकाच रेणूचे आकडे भावंडांवर किती वेगळे पडू शकतात ते यातून दिसते. ओकाडाइक आम्ल हाताळताना हातमोजे आणि वेगळा कचरा अनिवार्य समजावा.

क्रियास्थान टाळून दुसरीकडे बसणारा रेणू शोधला तर निवडकपणा आणि पेशीत शिरण्याची क्षमता दोन्ही साधू शकतात, हे २०१६ मध्ये एसएचपी-०९९ या रेणूने दाखवले. एसएचपी-२ विकराचे तीन भाग मिटून जिथे एकत्र येतात त्या मधल्या पोकळीत तो बसतो आणि विकराला मिटलेल्या अवस्थेत धरून ठेवतो. त्याचा आयसी-५० सुमारे ७० नॅनोमोलर आहे. मात्र नुसता उत्प्रेरक भाग चाचणीत घेतला असता तर हा रेणू दिसलाच नसता, कारण त्या तुकड्यात ती पोकळी नसते. सायक्लोस्पोरिनचा दाखलाही असाच बोलका आहे. अवयव-रोपणात वापरले जाणारे हे औषध कॅल्सिन्युरिन या फॉस्फटेजला रोखते, पण एकटे नव्हे. पेशीतल्या सायक्लोफिलिन या प्रथिनाशी जोडी जमल्यावरच. शुद्ध कॅल्सिन्युरिनवर नुसते सायक्लोस्पोरिन घालणाऱ्याला ते निरुपयोगी वाटेल.

आठवी पायरी : पेशीत नेण्यापूर्वी

पेशींवरचा प्रयोग घाईने करू नये. आधी रेणू पेशीत शिरतो का याचा अंदाज त्याच्या भारावरून व पटलपार चाचणीवरून घ्या. नंतर यकृताच्या हेपजी-२ पेशींना थोडे इन्सुलिन देऊन, रोधकासह व रोधकाविना, इन्सुलिन ग्राहकावरचे टायरोसिन फॉस्फेट वेस्टर्न ब्लॉटने पाहा. पेशी नामांकित संग्रहातूनच घ्याव्यात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात असा संग्रह आहे. पेशी फोडण्याच्या बफरमध्ये व्हॅनेडेट घालायला विसरू नका, नाहीतर रोधकाने राखलेले फॉस्फेट पेशी फुटल्यावर मोकळी झालेली फॉस्फटेजे काही क्षणांत उतरवून टाकतील. आणि तो बफर ईडीटीएविना असावा; कारण चौथ्या पायरीत आलेच आहे.

वहीत प्रत्येक प्लेटसाठी विकराची नळी व तिचा तुकडा, त्या दिवशीचे विकराचे प्रमाण, सबस्ट्रेटची पातळी व तिचे केएमशी गुणोत्तर, बफरचा प्रत्यक्ष मोजलेला पीएच, डीटीटी कधी मिसळले, डीएमएसओचा टक्का आणि झेड-प्राइम लिहून ठेवा. आयसी-५० किमान तीन वेगवेगळ्या दिवशी काढलेला असावा. एकाच प्लेटवरच्या तीन ओळी म्हणजे तीन प्रयोग होत नाहीत. यानंतर एकच काम उरते आणि ते टाळू नये : त्याच रेणूची नवी पूड दुसऱ्या पुरवठादाराकडून मागवा किंवा नव्याने संश्लेषित करून घ्या, एलसी-एमएस आणि एनएमआरने तिची ओळख व शुद्धता पटवून घ्या, आणि कॅटलेज व ट्रायटनच्या ओळींसह सबंध चाचणी पुन्हा चालवा. नव्या पुडीचा आयसी-५० जुन्याच्या तिपटीच्या आत पडला तर आकडा मार्गदर्शकांपुढे ठेवा. दहा पटींनी घसरला तर जुन्या नळीत काय मिसळले होते, याचा शोध झिंक आणि पेरॉक्साइडपासून सुरू करा.